सातबाऱ्याबाहेरचं शेत



थेट विषयालाच हात घालणं बरं. वेळ संध्याकाळची आहे आणि इथून उठल्यावर बहुतेकांना घरी जेवायला जायचं आहे. विषयही जेवणाचाच आहे.

एक ताट डोळ्यांसमोर आणा. ते कुठल्या एका घरातलं नाही, चार मुलखांतून थोडंथोडं वाढून घेतलेलं आहे. जूनचा पहिला आठवडा धरू, म्हणजे सरत्या हंगामातलं कलिंगडही मिळेल आणि नुकती आलेली शेवळंही. ताटात नाचणीची भाकरी आहे, सुक्या बोंबलाचं कालवण आहे, पालक आहे, शेवळांची भाजी आहे, कलिंगडाची फोड आहे आणि डाव्या बाजूला चिमूटभर मीठ. आता एकेका जिन्नसाचा पत्ता विचारा. नाचणी रायगडच्या डोंगरउतारावरच्या दळीतली. बोंबील अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळलेला. पालक मुंबईत रेल्वेच्या रुळांलगतच्या पट्ट्यातला. शेवळं जंगलातली. कलिंगड नदीच्या वाळूतलं. मीठ खाडीकाठच्या मिठागरातलं.

सहा जिन्नस झाले. या सहांपैकी किती जागांचा सातबारा पिकवणाऱ्याच्या नावावर असेल? बहुधा एकाही नाही.

गैरसमज नको. मंगळवेढ्याची ज्वारी, लासलगावच्या बाजारात येणारा कांदा, रावेर-यावलची केळी, सांगलीची हळद, हे सारं रीतसर सातबाऱ्यावरच्या जमिनीत पिकतं आणि आपल्या पोटाचा मोठा भार तीच जमीन वाहते. पण अन्न जिथून येतं त्या सगळ्या जागा आणि सरकारी दफ्तर ज्यांना शेत म्हणतं त्या जागा यांत अंतर आहे. त्या अंतरात लाखो माणसं राबतात. आणि गंडांतर आलं की आधी त्यांचीच जागा जाते, कारण ती शेत म्हणून कुठे लिहिलेलीच नसते. आजचं सांगणं एवढंच आहे. त्याचे तीन भाग: कागद कसा आला, कागदाबाहेर शेती कुठेकुठे होते, आणि कागदाबाहेर राहण्याची किंमत काय.

आधी कागद.

पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, १८२८च्या सुमारास, कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. हिशेब मोठा शास्त्रशुद्ध होता म्हणे! प्रत्यक्षात आकारणी इतकी जड झाली की कुणब्यांनी जमिनी पडीक टाकल्या आणि गावं सोडली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी पद्धत आखली. तिची सुरुवात झाली इंदापूर तालुक्यात. शेताची मोजणी, दगड रोवून हद्द, मातीची प्रत आणि खोली पाहून आकार, आणि तो भरणाऱ्याचं नाव. १८४७च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत मुंबई इलाख्यात पक्की केली. आज तलाठी कार्यालयात मिळणाऱ्या गाव नमुना सात आणि बारा यांचं कूळ तिथवर जातं.

ही पद्धत वाईट होती का? प्रिंगलच्या मानाने कितीतरी बरी. पण ती कशासाठी होती, हे विसरून चालत नाही. ती साऱ्यासाठी होती. सारा दरवर्षी यायला हवा, म्हणून जागा कायमची हवी. वसूल करायला माणूस हवा, म्हणून धनी ठरलेला हवा. आकारणी ठरावीक मुदतीसाठी बांधायची, म्हणून पिकाचा अंदाज बांधता यायला हवा. जागा एक, धनी एक, आकार एक. जी शेती दरवर्षी जागा बदलते ती या चौकटीत कशी बसणार? जी दहाजण मिळून करतात ती? जी चार महिनेच जमीन असते आणि आठ महिने पाणी? ती सारी एकतर ‘पोटखराबा’ म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीच्या रकान्यात गेली, नाहीतर ‘सरकार’ या नावाखाली गेली.

पुढे स्वातंत्र्य आलं, कूळकायदा आला, १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीही आली. शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटो काढून पेरा नोंदवतो. चांगलीच सोय आहे. पण नोंद कशावर होते? सातबाऱ्यावरच. पीककर्ज कशावर मिळतं? अतिवृष्टीची भरपाई? किसान सन्मानचे हप्ते? हे सगळं त्याच एका उताऱ्यावर येऊन थांबतं. सारा गोळा करण्यासाठी केलेला कागद आज मदत वाटण्याचा कागद झाला आहे. हेतू उलटला, चौकट तीच राहिली.

आता दुसरा भाग. हा जरा लांबेल, कारण खरी मौज इथेच आहे.

सुरुवात गोव्यापासून. मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांकाठी खाजन नावाची जमीन आहे. सुमारे १७-१८ हजार हेक्टर. ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणजे निसर्गाच्या हिशेबाने तिथे समुद्राचं पाणी असायला हवं. माणसांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध घालून ते शेकडो वर्षं बाहेर थोपवलं. बांधात जागोजागी लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं आणि शेतातलं जास्तीचं पाणी निघून जातं. पावसाळ्यात पाऊस मातीतला खार धुऊन काढतो आणि कोरगुट नावाचं खार सोसणारं भात उभं राहतं. मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की ओहोटीबरोबर कोळंबी आणि मासळी हाती येते. काही ठिकाणी भात निघाल्यावर खारं पाणी आत घेऊन मीठ करतात. भात, मासळी आणि मीठ, तिन्ही एकाच आवारात.

मग हे शेत कोणाचं? भात लावणाऱ्याचं? मानस लिलावात घेऊन मासे धरणाऱ्याचं? की बांध राखणाऱ्या गावाचं? जुन्या गोव्यात उत्तर होतं: गावकरीचं. पोर्तुगीज अमदानीत तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. बांध फुटला तर तो बुजवायची जबाबदारी सगळ्यांची. खाऱ्या पाण्याने किती वर चढायचं तेही ठरलेलं. १९६४च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, जे न्याय्यच होतं. बांधांची देखरेख कुळांच्या संघटनांकडे गेली. पण भातापेक्षा कोळंबीला भाव जास्त येऊ लागला आणि हिशेब फिरला. पाणी आत राहिलं तर मानस घेणाऱ्याचा फायदा आणि भातवाल्याचं नुकसान. बांध आपोआप फुटला की फोडला, ही तक्रार गोव्यात नवी नाही. गोव्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचं नाव असतं. मानशीच्या दाराचा नियम त्यावर लिहायला जागा नसते.

उत्तरेला रायगडात या, तिथे हीच गोष्ट खारजमीन नावाने भेटते. अलिबाग, पेण, उरणच्या खाड्यांत बांध घालून पिढ्यान् पिढ्या भात पिकवलं गेलं. बांध घालणारी कुळं आगरी समाजाची आणि वरचा वाटा नेणारे खोत. इथे एक मोठा प्रसंग आठवला पाहिजे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायचीच नाही! संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं ओस होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने जाण्यासाठी मात्र १९४९ उजाडलं. समुद्राकडून जमीन मिळवणारे एक आणि कागदावर तिचे धनी दुसरे, एवढाच त्या भांडणाचा गाभा होता.

आज खारजमिनीपुढे वेगळाच पेच आहे. बांध फुटतो, दुरुस्तीला वर्षं लागतात. तोवर खारं पाणी शेतात ठाण मांडतं आणि त्यात तिवरं उगवतात. तिवरांच्या जंगलाला कायद्याचं कडक संरक्षण आहे, उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते आणखी पक्कं केलं. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ते हवंच. पण ज्याचं शेत या वाटेने कांदळवन झालं त्याने कुठे जायचं? सातबारा त्याच्या हातात आहे आणि शेत नाही. म्हणजे कागदाने उलटीकडूनही दगा दिला. पेणच्या शेतकऱ्यांनी एकदा मात्र कागदावरच्या जमिनीसाठी कागदच वापरला. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी जाणार होत्या, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. तो प्रकल्प पुढे बारगळला.

खारं पाणी पुरे झालं, आता गोड्या पाण्याकडे वळू.

पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, काही हजार जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. जो तलाव बांधील त्याला जमीन आणि मान, असं त्या राज्याचं धोरण होतं. नवेगाव बांधचा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात होता, तिथे मालगुजारी पद्धत आली आणि तलावांना मालगुजारी तलाव हे नाव चिकटलं. पण तिथल्या कागदांत एक शहाणपणा होता. ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या गावच्या दस्तात गावाचे रिवाज लिहिलेले असत: तलावाचं पाणी कोणाला, चराई कुठे, सरपण कुठलं. निस्तार हक्क म्हणतात ते हेच. मालकी एकाची असली तरी वापर अनेकांचा, हे निदान लिहून ठेवलेलं असे.

त्या तलावात शेती कुठे होते? सगळीकडे! पाळीखालच्या बांध्यांत भात. तलावात धीवर समाजाची मासेमारी. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या काठावर भाजीपाला. पाण्यात कमळकाकडी आणि शिंगाडा. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पाणीपट्टी आली, गाळ काढण्याची गावाची जुनी शिस्त सुटली, काठावर बेशरमाची झाडी माजली. त्यात मत्स्यविकासाच्या उत्साहात रोहू, कटला, मृगळ एवढ्याच जाती सोडल्या गेल्या आणि देशी मासे आटत गेले.

पण इथून एक चांगली बातमीही आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे मनीष राजनकर यांनी धीवर कुटुंबांना बरोबर घेऊन काही तलावांचा जीव परत आणला. पद्धत साधी होती. बेशरम उपटायचा, उन्हाळ्यात तळ्याचा काठ नांगरायचा आणि त्यात देशी पाणवनस्पती लावायच्या. वनस्पती आली की तिच्या आसऱ्याने मासा येतो, अंडी घालतो. कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा राहतो, हे धीवरांना माहीत होतं, आणि या कामात बायका पुढे होत्या. माशाची शेती म्हणायची तर हीच. नांगरट आहे, लावणी आहे, कापणी म्हणजे जाळं. तरी पीक पाहणीच्या रकान्यात तिला जागा नाही.

तलावातून नदीत उतरू. वैनगंगा आणि वर्धा नद्यांचं पाणी हिवाळ्यात ओसरलं की वाळूचे पट्टे उघडे पडतात. भोई, कहार, धीवर कुटुंबं तिथे झोपड्या घालून उतरतात. वाळूत ओल लागेपर्यंत चर खणायचे, तळाशी शेणखत भरायचं, बी टोकायचं. टरबूज, खरबूज, काकडी. विदर्भात याला डांगरवाडी म्हणतात. चार महिन्यांचं शेत! मृगाचा पूर आला की शेत वाहून जातं, पुढल्या वर्षी वाळू दुसरीकडे पडते आणि वाटणी नव्याने होते. ही शेती कुठल्या गटात नोंदवणार? नदीचं पात्र कायद्याने सरकारच्या मालकीचं आहे, आणि सरकारच्या दृष्टीने त्यातलं उत्पन्न म्हणजे वाळूचा लिलाव. वाळू उपसली की उरतो गोटा आणि गाळ. त्यात वेल धरत नाही. घाटाच्या लिलावाची किंमत काढताना वाळूवर उभ्या राहणाऱ्या खरबुजांचा हिशेब कोणी धरतं का?

आणि धरण? धरणाच्या पोटातही शेती होते. उजनीचं धरण १९८०मध्ये पुरं झालं, भीमेचं पाणी इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जतच्या रानात पसरलं. उन्हाळ्याकडे ते मागे सरकतं आणि मऊ, ओली, काळी जमीन वर येते. तिला गाळपेर म्हणतात. जलसंपदा विभाग ती एकसाली पट्ट्याने देतो. पाण्याच्या मागोमाग काकडी, कलिंगड, चारापिकं लावत माणसं उतरत जातात. २०१८-१९च्या दुष्काळात जनावरं जगवायला धरणांची हीच गाळपेर नाममात्र भाड्याने चाऱ्यासाठी देण्यात आली होती. इंदापूर हे नाव मघाशी येऊन गेलं. ज्या तालुक्यात पहिल्यांदा शेताला दगड रोवून कायमची हद्द घातली गेली, तिथलीच कितीतरी शेतं आज वर्षातले काही महिनेच जमीन असतात. रोवलेले दगड पाण्याखाली आहेत.

पाणी सोडून डोंगरावर चढू, पण इथे थोडक्यात. रायगडातल्या ठाकूर आणि कातकरी कुटुंबांना इंग्रजी काळापासून जंगलउतारावर दळी म्हणून प्लॉट मिळत आले. तिथे नाचणी, वरी होते, मालकी मात्र वनखात्याची. आणि ज्या जंगलात कोणी काही पेरत नाही, तेही पिकतंच. जूनच्या सरींबरोबर ठाणे-रायगडच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं घेऊन बसतात. शेवळांबरोबर काकडंही घ्यावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. हे विकणारी आधी सांगते आणि नवखं गिऱ्हाईक मग शिकतं. पाठोपाठ कर्टुली, टाकळा, भारंगी, कुरडू. आता कृषी विभागही रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. उत्तम. पण भाजी खुडणाऱ्या बाईला त्या जंगलावर हक्क आहे का? गडचिरोलीत मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली वनहक्क कायद्याखाली देशात सर्वप्रथम सामूहिक हक्क मिळाले. त्यांच्याकडे पाहून कळतं की सामाईक जागेचीही नोंद करता येते.

आता असं शेत, जे चालतं! दसरा-दिवाळीनंतर फलटण, खटाव, माण भागातले धनगर मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे निघतात आणि पावसाआधी माघारी देशावर येतात. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून घेतो. कापणी झालेल्या रानात रात्री मेंढरं बसवली की लेंडी आणि मूत थेट मातीत पडतं. मोबदल्यात धान्य किंवा पैसे. त्या रानात पुढल्या हंगामात जे भात किंवा जी ज्वारी येते, त्यात धनगराचा वाटा किती? सातबाऱ्यावर पीक शेतकऱ्याचं. खत देणाऱ्याच्या वाड्याचा पत्ता रोज बदलतो, त्याची नोंद कोणत्या गावच्या तलाठ्याने करायची?

राहिली मुंबई. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालकाचे, माठाचे, भेंडीचे वाफे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. अधिक धान्य पिकवा या जुन्या योजनेखाली रेल्वेने मोकळे पट्टे आपल्या कर्मचाऱ्यांना भाड्याने दिले. कागदावर नाव कर्मचाऱ्याचं, प्रत्यक्ष कसणारा बहुधा दुसराच, परप्रांतातून आलेला. पाणी कुठलं, हा प्रश्न रास्त आहे, आणि गटारालगतच्या पाण्याची भाजी खाऊ नये हे डॉक्टरांचं म्हणणंही. तरी एवढं खरं की शहर आपली पालेभाजी कुठेतरी जवळच पिकवतं. वसईचा भाजीपाला आणि केळी हे मुंबईच्या पोटाचं किती जुनं साधन! मुंबई बंदराच्या उपाहारगृहात प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर गच्चीत फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. त्यांच्यामागे विचार होता श्री. अ. दाभोलकरांचा. तासगावच्या द्राक्षबागायतदारांपर्यंत पोचलेल्या त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शेतकऱ्यालाच संशोधक मानलं.

मुंबईच्याच किनाऱ्यावर वेसावे, मढ, आणि थोडं वर अर्नाळा. बांबूच्या वलांडींवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेल्या असतात. ऊन आणि वारा एवढ्यावर वर्षभराची बेगमी होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकी मासळीच घर चालवते. वाळवण घालणाऱ्या बाईच्या लेखी ते मैदान म्हणजे तिचं खळं. नगररचनेच्या नकाशात ते मोकळं आवार. मिठागरांचंही तसंच. भांडुप, मुलुंड, कांजूरची मिठागरं मुंबईचा नकाशा काढणाऱ्याला रिकामी दिसतात. २०२४मध्ये धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. घरं हवीत, यात वाद नाही. पण ती जागा रिकामी होती, हे गृहीत कुठून आलं?

तर हा तिसरा भाग: किंमत.

एवढ्या जागा फिरून झाल्यावर त्यांच्यात सारखं काय दिसतं? प्रत्येक ठिकाणी जमिनीपेक्षा नियम मोठा आहे. मानस कधी उघडायची, वाळूचा पट्टा कोणाला, मेंढरं कुठे बसवायची, तळ्याचा काठ कोणी नांगरायचा. याचा सर्वांत नीटस नमुना धुळे-नाशिकच्या पांझरा आणि मोसम नद्यांवर होता, फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, कालव्याखाली जमिनीचे मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी. पाणी स्वतः कोणी घ्यायचं नाही, ते पाटकरी देणार. पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी. किमान ३०० वर्षं हे चाललं. इथे प्रत्येकाला सातबारा होता बरं का! पण वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचा बारमाही प्रवाह आटला, विहिरी आल्या आणि जो तो आपला गट घेऊन मोकळा झाला. उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं राहिलं, करार लिहिलेला नव्हता, तो गेला.

जुनं ते सगळं सोनं होतं, असं इथे कोणी म्हणत नाही. गोव्याच्या गावकरीत हक्क काही घराण्यांच्या पुरुषांपुरता होता. कोहळ्यांच्या तलावात धीवरांचं स्थान खालचं होतं. चरीचे खोत आपण पाहिलेच. सामाईक म्हणजे समान नव्हे. म्हणूनच यातलं बरंच काही मोडलं, ते चांगल्यासाठी मोडलं. पण अन्याय मोडताना त्याच्याबरोबर नियमही गेला, आणि त्याच्या जागी फक्त मालकी आली. त्या मालकीचं आकारमान तरी काय? १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्याचं सरासरी खातं ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. जमीन एवढीशी झाल्यावर घर कशावर चालतं? शेजारच्या तळ्यावर, गायरानावर, नदीवर, जंगलावर. ज्या जागा लहान शेतकऱ्याला आणि भूमिहीनाला जगवतात, त्याच जागा दफ्तराला रिकाम्या दिसतात.

रिकामी दिसते म्हणून ती स्वस्त वाटते. स्वस्त म्हणून आधी जाते. जाताना भरपाई मागायला कागद नसतो, कारण ते शेत नव्हतं. आणि गेल्यावर उणीव कोणालाच दिसत नाही, कारण तिथलं पीक कधी मोजलेलंच नव्हतं. कांदा कमी आला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं. डांगरवाडी संपली तर कोणत्या रकान्यात घट दिसेल?

मग करायचं काय? सगळ्यांना सातबारा वाटायचा? मुळीच नाही. वाळूच्या पट्ट्याला कायमची हद्द घातली की डांगरवाडी बंद पडेल. धनगराला एक गुंठा देऊन बसवला की त्याचं शेत संपेल. मालकी नको, पण वापर आणि नियम लिहिलेला हवा. तो लिहायची सोय कायद्यात आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीवर तळ्यातल्या मासळीचा, चराईचा, फिरत्या पशुपालकाच्या हंगामी येण्याजाण्याचाही हक्क मानला आहे. आणि २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असलीच पाहिजे, असं सांगितलं आहे. अनेक ठिकाणी ही वही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या तगाद्यामुळे घाईघाईने भरली गेली आणि कपाटात गेली.

श्रोत्यांना विनंती एवढीच आहे. तुमच्या गावाची किंवा तुमच्या महापालिकेची ती नोंदवही मागून घ्या. तिच्यात तुमच्या भागातली गाळपेर आहे का ते पाहा. मासळी वाळवायची जागा, तळ्याचा काठ, मेंढरांची वाट, शेवळं निघणारं रान, आणि तिथे राबणारी माणसं, हे लिहिलंय का ते पाहा. नसेल तर ग्रामसभेत किंवा प्रभाग समितीत अर्ज द्या आणि त्या माणसांना बरोबर घेऊन द्या, कारण नियम त्यांनाच ठाऊक आहेत. पुढच्या वेळी कोणी नकाशावर बोट ठेवून ‘ही जागा मोकळी आहे’ म्हणालं, तर दाखवायला निदान एक सही-शिक्क्याचं पान तुमच्याजवळ असेल.